मामाची सरकलेली गादी

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "तुमची गादी सरकलीय."

मामा तीस वर्षं गाद्या शिवतोय. त्याने शांतपणे विचारलं, "कुठल्या गिऱ्हाइकाने सांगितलं?"

डॉक्टरांनी समजावलं. दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते. मामाची कंबरेतल्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली बाहेर आली होती आणि पायाकडे जाणारी नस दाबत होती. मंगळवारी डबलबेडची गादी एकट्याने उचलताना मामा वाकला तो वाकलेलाच राहिला होता. मामीने दोन दिवस इस्त्रीचे कपडे त्याच्या पाठीवर ठेवले, कारण टेबलावर जागा नव्हती.

सहा आठवडे गोळ्या घ्यायच्या आणि व्यायाम करायचे. तरीही पायाचा अंगठा वर उचलता आला नाही, तर ऑपरेशन. बाहेर आलेला तुकडा कापून काढायचा, असं ऐकल्यावर मामा पांढरा पडला. उसवून परत शिवलेली गादी पहिल्यासारखी राहत नाही, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकांना तो स्वतःच तसं सांगून नवी घ्यायला लावायचा.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्याला पालथं झोपवलं आणि कोपरांवर भार देऊन छाती उचलायला सांगितली. दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी दहादा. मामाला हे लगेच पटलं. गादीला पोक आलं की आपणही ती पालथीच घालतो, म्हणाला. पण बाईंनी दिवसभर गादीवर लोळू नका, चाला, असंही सांगितलं. तेव्हा मात्र बाई कोणाच्या दुकानाकडून आल्यात, अशी शंका त्याने वाटेत माझ्याकडे बोलून दाखवली.

तरी तो करत राहिला. मामीने भिंतीवर कागद लावला आणि दुखणं रोज कुठे आहे ते लिहू लागली. पहिले तीन आठवडे पोटरी, पोटरी, पोटरी. चौथ्यात गुडघा. मग मांडी. पाचव्याच्या शेवटी कुल्ला.

दुखणं वर चढत होतं, हे कागदावर स्पष्ट दिसत होतं. मावशीने फोनवर हिशोब केला की या वेगाने ते पुढच्या शुक्रवारी डोक्यात पोचेल. कंबर दुखायला लागली त्या दिवशी मामाने मुकाट्याने हॉस्पिटलची पिशवी भरली. टॉवेल, दाढीचं सामान, आणि स्वतःचा दोरा. डॉक्टरांच्या दोऱ्याचा भरवसा नाही, म्हणाला.

मी कागद काढला आणि मामीबरोबर जाऊन बाईंना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि हसू आवरायला खिडकीकडे वळल्या.

"अहो, हे चढत नाहीये, माघारी फिरलंय. पाय सोडून कंबरेत आलं म्हणजे नसेवरचा दाब कमी होतोय."

"मग कंबर दुखतेय त्याचं काय?" मामी म्हणाली.

"ती सगळ्यात शेवटी थांबेल."

सहाव्या आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मामाने पिशवी तरीही आणली होती. डॉक्टरांनी त्याच्या अंगठ्यावर बोट ठेवून तो वर ढकलायला सांगितलं. मामाने डोळे मिटले, दात आवळले, आणि अंगठ्याने बोट सरळ वर उचललं. मग टाचांवर चालायला सांगितलं, तर मामा खोलीभर फिरून आला आणि न सांगता दुसरी फेरीही मारली. डॉक्टरांनी केसपेपरवरचं ऑपरेशन खोडलं.

"म्हणजे गादी जागेवर आली?" मामाने विचारलं.

"थोडी बाहेर असेल अजून. पण आता कुणाला टोचत नाही."

मामा जरा विचारात पडला. इतक्या वर्षांत त्याने असा माल कधी दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता.

"चालेल," तो म्हणाला. "गिऱ्हाईक घरचंच आहे."