पाणी तयार होईपर्यंत

आणखी एक बादली मोरीत रिकामी झाली तेव्हा राधाबाईंना राहवेना.

“नीलम, वाळू धुऊन राह्यली का पाण्याची नासाडी करून राह्यली?” त्यांनी पलंगावरूनच विचारलं.

मोरीत उकिडवी बसलेली सून हसली. “आई, स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवावी लागते. नाहीतर टँकमध्ये सगळं गढूळ होतं.”

“नदीत कोण वाळू धुऊन ठेवते माशायसाठी?”

“माय, पाय वर घे गं. काच आहे हातात,” म्हणत भीमराज दारातून आत आला. त्याच्या दोन्ही हातांत लांबोडकी काचेची टाकी होती, आणि ती तो इतकी जपून आणत होता की राधाबाईंना तो लहानपणी तान्ह्या बहिणीला उचलायचा ते आठवलं. त्यांनी निमूट पाय वर घेतले.

दिंडोशीच्या म्हाडाच्या इमारतीतलं ते चौथ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. भीमराज मेट्रोच्या कारशेडमध्ये डब्यांच्या दुरुस्तीवर होता, कधी सकाळची पाळी, कधी रात्रीची. नीलम कोर्टात स्टेनो. टाकीची हौस तिची. “दिवसभर माणसांची भांडणं टाइप करते मी,” ती नवऱ्याला म्हणाली होती, “घरी आल्यावर काहीतरी न बोलणारं बघायचंय यार.” ते वाक्य राधाबाईंनी आतल्या खोलीतून ऐकलं होतं आणि आपल्यालाच लागून आहे असं समजून मनात ठेवलं होतं. सासू-सुनेचं भांडण कधी झालं नव्हतं. पण ‘चहा ठेवू का’, ‘औषध घेतलं का’ याच्यापुढे बोलणंही फारसं गेलं नव्हतं.

आणि पाणी हा राधाबाईंच्या दुखण्याचा विषय होता. लग्न होऊन वाशीमकडच्या खेड्यातून त्या मुंबईत आल्या त्या असल्फ्याच्या डोंगरावर. नळ खाली, झोपडी वर. कडेवर पोर, डोक्यावर हंडा, आणि हिंदकळून सांडलेल्या प्रत्येक घोटाचं वाईट वाटायचं. मग महापालिकेच्या इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून नोकरी लागली ती निवृत्तीपर्यंत. पाणी सांडलेलं त्यांना अजून बघवत नसे.

संध्याकाळपर्यंत टाकी भिंतीशी उभी राहिली. खाली काळसर माती, वर धुतलेली वाळू, एक वाकडंतिकडं लाकूड, आणि नीलमनं चिमट्यानं एकेक काडी रोवून लावलेली झाडं. मागच्या बाजूला फिल्टरचा डबा. तो टाकीतलं पाणी ओढायचा, आतल्या स्पंजातून गाळायचा आणि पुन्हा टाकीत सोडायचा. वरचा दिवा लागला, आणि भरलेलं पाणी नुसतंच चमकत राहिलं.

“मासे?” राधाबाईंनी विचारलं.

“एवढ्यात नाही. पाणी अजून तयार नाहीये.”

“पाणी तयार व्हावं लागते?”

नीलमनं ओले हात पुसले आणि त्यांच्याशेजारी येऊन बसली. “त्या स्पंजमध्ये जंतू वाढायला हवेत आई. माशांची घाण विषारी असते. ते जंतू ती घाण खातात आणि विष मोडून टाकतात. ते आले नाहीत तर मासे जगणार नाहीत.”

“जंतू?” राधाबाईंचे डोळे मोठे झाले. “सारी जिंदगी फिनाईल टाकून जंतू मारले म्या. अन तू घरात वाढवून राह्यली?”

“हे चांगले जंतू.”

“येतात कुठून?”

“हवेतून, मातीतून, झाडांवरून. आपोआप येतात. फक्त थांबावं लागतं.”

राधाबाईंना ते पटलं नाही. पण नीलम कोर्टात, भीमराज कामावर, आणि घरात त्या एकट्या. समोर ते रिकामं पाणी. पोळ्या लाटताना नजर तिकडे जायची. तीन-चार दिवसांनी पाणी भाताच्या पेजेसारखं पांढुरकं झालं. ‘गेली वाट लागून’, त्यांना वाटलं. झाडांची जुनी पानं सडून गळायला लागली. नीलम मात्र संध्याकाळी यायची, पर्स टाकायची आणि टाकीसमोर गुडघे टेकून बघत बसायची. “होईल,” म्हणायची.

मग एका सकाळी राधाबाई चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या आणि दारातच थबकल्या. टाकीत पाणीच नव्हतं. निदान तसं वाटलं. इतकं नितळ झालं होतं की लाकूड, वाळू, झाडं नुसती हवेत उभी असल्यासारखी दिसत होती. कुणी गाळलं नव्हतं, कुणी बदललं नव्हतं. रात्रीतून पाण्यानं स्वतःला साफ केलं होतं.

“नीलम! अव नीलम, ये व इकडे!” त्या ओरडल्या. नीलम साडीच्या निऱ्या हातात धरून धावत आली. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. चहा निवून गेला.

त्या दिवसापासून दुपारची झोप गेली. दुपारी टाकीचा दिवा लावून राधाबाई वेताचा मोडा ओढून बसायच्या. सडलेल्या देठांच्या बुडातून नवी पानं फुटत होती, पोपटी, नखाएवढी. आणि एका दुपारी त्यांना त्या पानांवर मोती दिसले. बारीक, चकचकीत बुडबुडे. एकेका पानाच्या टोकाला जमत, मोठे होत, सुटत आणि सरळ ओळीनं वर जात. संध्याकाळी त्यांनी सुनेला विचारलं.

“ऑक्सिजन, आई. उजेडात झाडं तो सोडतात. बाहेरची झाडंही सोडतात, पण ते आपल्याला दिसत नाही. पाण्यात दिसतं.”

“म्हंजे झाडाचा श्वास?”

“तसंच म्हणा.”

वॉर्डात राधाबाईंनी किती बाळांचा पहिला श्वास जवळून पाहिला होता, पण पाहिला म्हणजे काय, रडणं ऐकलं होतं. कधी एखादं बाळ निळं पडलेलं असायचं, सिस्टर त्याचे तळवे चोळायची, सगळ्यांचे कान टवकारलेले, आणि मग तो आवाज यायचा. श्वास दिसायचा नाही कधी. इथे तो दिसत होता, त्यांच्या स्वतःच्या घरात, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, दुपारभर पानांवरून उठून वर जात होता.

मासे आले ते त्यानंतर. निळी रेघ आणि लाल शेपटी असलेल्या टेट्रा माशांचा एक घोळका, आणि तळाशी मिशा फिरवत वाळू हुंगणारे चार करडे मासे. घोळका वळला की सगळी निळाई एकदम विझायची आणि दुसऱ्या कुशीला पुन्हा पेटायची.

“बाप्पा!” एवढंच राधाबाईंच्या तोंडून निघालं. तळातल्या माशांचं नाव त्यांनी तिथेच ठेवून टाकलं. “ह्या आमच्या वॉर्डातल्या मावश्या. सगळ्याईच्या पायाखालचं उचलून राह्यल्या बिचाऱ्या.”

आता नीलम घरी आली की राधाबाईंकडे बातम्या तयार असायच्या. कोपऱ्यातल्या झाडानं वर शेंडा काढला. एक मावशी आज रुसून लाकडामागे बसली होती. नीलम भाजी निवडता निवडता ऐकायची, विचारायची, हसायची. भीमराज एकदा म्हणाला, “तुम्ही दोघी बोलता काय गं एवढं?” तेव्हा दोघींनीही त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्यानं टीव्ही लावायला उठला.

मे महिन्यात एका सकाळी वीज गेली. पंखा थांबला, आणि त्यामागोमाग फिल्टरची अखंड बारीक धार थांबली. खालच्या केबलला आग लागली होती. दुरुस्तीला संध्याकाळ होईल, असं वॉचमन राजाराम जिन्यातून ओरडून सांगत गेला. आधी राधाबाईंना काही वाटलं नाही. पण उकाडा वाढला, दिव्याशिवाय टाकी काळोखी झाली, आणि दुपारच्या सुमाराला त्यांना दिसलं की निळ्या माशांचा घोळका मोडलाय. सगळे वर आले होते. पाण्याच्या पृष्ठभागाला तोंडं लावून उघडझाप करत होते.

ती उघडझाप त्यांना वॉर्डापासून ओळखीची होती. त्यांनी फोन लावला.

“आई, मी कोर्टात आहे,” नीलम कुजबुजली.

“लाइट गेली. मासे वर येऊन राह्यले, पोरी. श्वास नाई पुरून राह्यला त्याईले.”

मग नीलमचा आवाज बदलला. “ऐका. अंधारात झाडं उलट ऑक्सिजन ओढून घेतात. दांडीचा मग घ्या. टँकमधलंच पाणी काढा आणि परत टँकमध्ये ओता. पण उंचावरून, आई. हात जितका वर जाईल तितका. धार पडताना पाणी हवा घेऊन जातं. थांबू नका. मी साहेबांना सांगून निघते.”

राधाबाईंनी झाकण काढलं, खिडकीचे पडदे बाजूला सारले, मोड्यावर चढल्या. मग बुडवला, वर उचलला, ओतला. पुन्हा. पुन्हा. धार पाण्यात शिरायची आणि पांढऱ्या बुडबुड्यांचा झोत खोल आत जायचा. पदर भिजला, खांदा भरून आला, तेव्हा त्यांनी हात बदलला. निळे मासे धारेच्या आसपास गोळा झाले होते. दोन आडवे होऊन तरंगत होते. त्यांच्याकडे त्या बघेनात. तोंडानं पुटपुटत होत्या, वॉर्डात अडलेल्या बाईजवळ पुटपुटायच्या तसं: “हं, घे. घे राजा. अजून एक.”

नीलम रिक्षानं आली, चार मजले धावत चढली. सासू मोड्यावर उभी, केस सुटलेले, मग हवेत. तिनं पर्स टाकली आणि त्यांच्या हातातून मग घेतला. “बसा तुम्ही. मी करते.”

राधाबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. दंड चोळत धारेकडे बघत राहिल्या. नीलम उंच होती, तिची धार त्यांच्यापेक्षा लांब पडत होती.

“अशी धार म्या लहानपणी पाह्यली,” त्या अचानक म्हणाल्या.

“कुठं?”

“गावात. विहिरीवर. आमाले विहिरीले हात लावायचा नव्हता. काठापासून दूर उभं राहायचं, कोणी दया करून ओतलं त मिळे. तहान लागली का अशी ओंजळ करायची, खाली वाकून.” त्यांनी दोन्ही हात जोडून तोंडाशी नेले. “अन एक बाई होती, ती वरून ओते. हात असा वर. भांडं विटाळू नये म्हणून. निम्मं पाणी कोपरावरून मातीत. मी एवढीशी. मले वाटे, ही इतक्या उंचावरून काहून ओतते? पाण्याले हवा लागावी म्हणून थोडीच ओतत होती ती!”

आणि त्या हसल्या. मोकळं, दात नसलेल्या बाजूनं. नीलमचा हात हवेतच थांबला होता. मुंबईत जन्मलेली, मुंबईत शिकलेली. तिनं हे पुस्तकात वाचलं होतं, भाषणात ऐकलं होतं, पण ज्या बाईबरोबर रोज चहा प्यायची तिच्या ओंजळीबद्दल तिला माहीत नव्हतं.

“आई, कधी बोलला नाहीत.”

“कोणी विचारलं?” राधाबाई म्हणाल्या. “ओत ना व, थांबली काहून. माशे पाह्य.”

नीलमनं हात पुन्हा वर नेला. डोळे भरले होते, पण धार हलू दिली नाही. दमली की सासूनं मग घ्यायचा, सासू दमली की सुनेनं. दिवेलागणीला वीज आली. नुकताच घरी पोचलेला भीमराज फिल्टरच्या बटणाकडे धावला तशा दोघी एकदम ओरडल्या, “थांब!” दिवसभर बंद डब्यात पाणी नासलं होतं. नीलमनं डबा मोरीत रिकामा केला आणि स्पंज बादलीत घेतलेल्या टाकीतल्याच पाण्यात हलक्या हातानं खळबळला. नळाच्या पाण्यातल्या औषधानं ते जंतू मरतात. मगच फिल्टर सुरू झाला.

घोळक्यातले काही गेले. नीलम जाळीनं एकेक उचलताना मुसमुसत होती. प्रत्येकाची निळी रेघ विझून राखाडी झाली होती.

“सगळे नाई वाचत, पोरी,” राधाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. “वाचले त्याईच्याकडे पाह्यचं. वॉर्डात आमाले हेच शिकवलं.” मावश्या चारही जिवंत होत्या. दिवा लागताच त्यांनी खाली वाळू हुंगायला सुरुवात केली होती, काही झालंच नाही अशा थाटात.

पुढच्या रविवारी नीलम टाकीतलं थोडं पाणी काढून नवं भरत होती. एक झाड मुळासकट सुटून वर तरंगत होतं. तिनं ते उचललं आणि राधाबाईंपुढे धरलं.

“हे तुम्ही लावा.”

“मी? टाकीत हात घालून?”

“मग काय! फक्त साबण नको. नुसत्या पाण्यानं धुवा हात.”

राधाबाईंनी हात धुतले, बांगड्या कोपराकडे सरकवल्या, झाड चिमटीत धरलं. टाकीच्या काठावर येऊन त्यांचा हात पाण्याच्या वर थांबला.

“घालू?” त्यांनी विचारलं.

नीलमनं त्यांच्या पायाशी मोडा सरकवला.

त्या वर चढल्या. मनगट बुडालं, मग कोपर. पाणी कोमट होतं, अंगासारखं. मासे चमकून पार पलीकडे गेले. बोटांनी वाळू उकरून त्यांनी मुळं आत दाबली, वाळू परत ओढली. झाड उभं राहिलं. काम झालं होतं, हात बाहेर काढायला हवा होता. पण लाकडामागून एक निळी रेघ आली. मग दुसरी. मग सगळा उरलेला घोळका सावकाश वळून त्यांच्या मनगटाभोवती आला. एका मावशीनं मिशांनी त्यांचं बोट चाचपून पाहिलं.

राधाबाईंनी श्वास रोखला. वरच्या दिव्यानं त्यांच्या हाताची सावली खाली वाळूवर पडली होती, आणि मासे एकेक करून त्या सावलीत येऊन विसावत होते.