विषय क्रमांक सात

नटाच्या हातात कागद दिला की तो वाचतो, असा लोकांचा समज आहे. तीस वर्षं मीच तो समज पोसला. नाटकात दिलं ते बोललो, सिनेमात चारदा हवालदार आणि दोनदा प्रेत झालो, आणि पन्नाशीला एका टीव्ही मालिकेत न्यायाधीश झालो. तेव्हापासून आमच्या उमापूरकडची माणसं मला म्हाळू म्हणत नाहीत, जज्जसाहेब म्हणतात. दोघा भावांनी तर बांधाच्या भांडणाचा निकाल मागितला. मी दिलाही. तो दोघांनाही पटला नाही, म्हणजे बरोबरच असावा.

आमच्या साखर कारखान्याचे चेअरमन पंडितराव यांनी सर्वसाधारण सभेला पाहुणा म्हणून बोलावलं तेव्हा मी हरखलो, खोटं कशाला बोलू? त्यांचा जावई सिनेमा काढत होता आणि नायकाच्या थोरल्या भावाचं काम मला मिळालं होतं. जन्मात पहिल्यांदा पोस्टरवर तोंड येणार होतं.

दुष्काळाचं ते चौथं वर्ष. विहिरी कोरड्या ठणठणीत, गावात टँकर. सभेच्या मंडपाबाहेर मात्र थंड पाण्याचे जार ठेवलेले. निम्मी सभा त्या जारांभोवतीच भरली होती.

पुढे बायकांच्या सतरंजीवर बायनाअक्का बसली होती. ही माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच मेंढरं राखली आणि मला औरंगाबादला नाटक शिकायला पाठवलं. नाटक शिकायला शाळा लागते हे तिला कधीच पटलं नाही. गावात सांगायची, पोरगं वकिली शिकतंय. मी टीव्हीत जज्ज झालो तेव्हा कुठं तिची सुटका झाली.

कारखाना उभा राहत होता त्या वर्षी अक्कानं दोन मेंढ्या विकून एक शेअर घेतला. रान नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या. तिच्या नावाचा जगात एकच कागद, तो म्हणजे शेअरचा दाखला. तो काच लावून देवाच्या फोटोशेजारी टांगलाय. मी घरी गेलो की पदरानं काच पुसते आणि म्हणते, "वाच बरं." मी वाचतो. तिला वाचता येत नाही, पण मी एक अक्षर गाळलं तरी तिला कळतं.

आमच्याकडे सभेची एक रीत आहे. सेक्रेटरी विषय वाचायला लागतो आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढच्या दोन रांगा "मंजूर, मंजूर" असा गिल्ला करतात. त्या रांगांत कोण बसणार हे आदल्या दिवशीच ठरतं. शेवटी कुणीतरी आभार मानतो. आभार मानले की सभा संपली, मग कितीही बोंबला. त्या दिवशी माझा चहा निवायच्या आत सहा विषय मंजूर झाले.

मग पंडितराव उठले. "सातवा विषय आपले जज्जसाहेब वाचतील!" टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कायद्याची भाषा हाय, तुमच्या तोंडी शोभंल."

मी चष्मा लावला, मालिकेतला आवाज काढला. "विषय क्रमांक सात. ज्या सभासदांनी सलग चार हंगाम कारखान्यास ऊस घातला नाही, त्यांचे सभासदत्व रद्द करून..."

"मंजूर!" पुढच्या रांगा गरजल्या.

मी पान उलटलं. मागं नावांची यादी होती. चार वर्षं पाऊस नाही, मग ऊस काय ओंजळीनं पाजून वाढवायचा? कोरडवाहू गावंच्या गावं त्या यादीत होती. ती गळाली की पुढच्या निवडणुकीत मत राहणार नदीकाठच्यांना, म्हणजे पंडितरावांच्या भावकीला. चौथ्या पानावर नाव आलं, बायनाबाई आश्रुबा कोकरे.

माझं टाळकं सरकलं. मी माईकवर म्हणालो, "या यादीत माझ्या बहिणीचं नाव आहे. ते मी माझ्या तोंडानं खोडणार नाही."

पंडितराव हसत हसत माझ्याजवळ आले, पण माईक त्यांनी हिसकावूनच घेतला. "पाहुण्यांनी वाचायचं असतं, बोलायचं नसतं. तुमी सभासद हाव का?"

"नाही," मी म्हणालो. "पण ती आहे."

मी व्यासपीठावरून उतरलो आणि सतरंजीपाशी गेलो. "अक्के, ऊठ. हे तुझं नाव कमी करतायत. बोल."

अक्का उठली. चेअरमनसमोर बोलायची सवय नाही, त्यामुळे आवाज चढेना. माईक तर पंडितरावांच्या मुठीत. ती माझ्याकडे बघून पुटपुटली, "ऊस कावून घातला न्हाई, ते इचार म्हणाव त्याला."

मी छाती भरून घेतली. नाट्यगृहातला माईक मध्येच बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसानं तिकिटाचे पैसे परत मागू नयेत, एवढंच मी आयुष्यात शिकलोय. "बायनाबाई कोकरे, सभासद, विचारतायत," मी म्हणालो, "ऊस का घातला नाही, ते चेअरमनांनी सांगावं!"

पाण्याच्या जारापाशी उभी असलेली माणसं आत आली.

"पाणी हुतं तवर घातला," अक्का म्हणाली. मी म्हणालो. "तुमच्या उसाला पाणी येतं, आमच्या प्यायला न्हाई, हे कसं?" मी तेही म्हणालो. मग ती जरा जोरात म्हणाली, "मेल्या, माझ्या मेंढ्या चालल्या, आन मी चालंना व्हय?" मी 'मेल्या'सकट म्हणालो. मंडप खदखदून हसला. पुढच्या दोन रांगांतलेही दोघंतिघं हसले, मग त्यांनी माना खाली घातल्या.

पंडितराव तरातरा खाली आले आणि माझ्या कानात फुसफुसले, "पिक्चर गेला तुजा. ध्यानात ठिव."

खरं सांगतो, तीस वर्षांनी आलेलं काम होतं. पण मला आता थांबता येईना. "पिक्चर गेला तुझा, असं चेअरमन म्हणतायत!" मी शेवटच्या रांगेला सांगितलं.

"काय म्हणला त्यो?" अक्कानं विचारलं. मी समजावून सांगितलं. तिनं क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिलाही पोस्टर बघायचं होतं. "जाऊ दे म्हणाव," ती म्हणाली. तेही मी सांगितलं.

व्हाइस चेअरमन घाईघाईनं उठले. "सभेला आलेल्या सर्वांचे मी आभार..."

"आभार मानू नगा!" हे अक्कानं स्वतःच ओरडून सांगितलं, मला मध्ये पडावं लागलं नाही. "आमी हितंच हाव. हात मोजा!"

"हात मोजा!" मागून कुणीतरी म्हणालं आणि मग सगळा मंडपच म्हणायला लागला. पंडितरावांनी घाम पुसला. पुढच्या रांगांना खूण केली, पण तिथला धोंडीराम उठून म्हणाला, "साहेब, यादीत माझ्या चुलत्याचं बी नाव हाय." आणि तो मागं जाऊन बसला.

ठरावाच्या बाजूनं हात वर झाले. मोजायला एक मिनिटही लागलं नाही. मग विरोधात. कारकून उत्तरेश्वर मोजत मोजत मंडपाच्या टोकापर्यंत गेला. पंडितरावांनी त्याला पुन्हा मोजायला लावलं, तर हात आणखी वाढले. माझा हात खालीच होता, मला मत नव्हतं. आयुष्यात इतकं हात वर करावंसं कधी वाटलं नाही.

ठराव पडला. पिक्चरही गेला. त्या कामात माझ्या जागी आलेला गडी चांगला आहे, मला आवडत नाही.

उत्तरेश्वरनं प्रोसिडिंग बुक उघडलं. "पहिला इरोध कुणाचा लिहू? पुरं नाव सांगा."

सवयीनं मी तोंड उघडलं. अक्कानं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"तू गप," ती म्हणाली. "नाव माझं हाय."

आणि तिनं ते सांगितलं.