कारभारींची बशी

कारभारी सोनवणे यांना देशप्रेमाचा झटका एरवी निवडणुकीच्या तोंडावरच येई. पण या मे महिन्यात खरंच सीमेवर पाकिस्तानशी लढाई जुंपली आणि त्यांना कोणी आवरेना. गुलमंडीच्या चौकात माईक धरून त्यांनी जाहीर केलं, की इंग्रज गेला तरी त्याची गुलामी आपल्या घशात अजून बसलेली आहे. "जवान तिकडं लढून राह्यले. लढाई संपेस्तोवर ह्यो कारभारी इंग्रजाच्या चहाला शिवनार नाय."

टाळ्या पडल्या. घरी बायकोनं, द्वारकाबाईंनी, तेवढं विचारलं, "आन् माईक कोनाचा हाये?"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कारभारींचं डोकं ठणकायला लागलं. तीनदा ताक पिऊनही उतार नाही. पाय सवयीनं नवाबभाईंच्या कापडदुकानाकडं वळले. तीस वर्षांचा नेम होता. एकच चहा मागवायचा, कप नवाबभाईंचा, बशी कारभारींची.

चहा आला. नवाबभाईंनी बशी भरून पुढं सरकवली. मागोमाग आलेला कार्यकर्ता विश्वजीत मोबाईल रोखून उभा होताच, म्हणून कारभारींनी हात जोडले. "नगं. लढाई चालू हाये ना."

नवाबभाई काल बिडकीनला लेकीकडं होते. भाषण त्यांच्या कानावर आलंच नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. "बरं. समजलो," एवढंच म्हणून त्यांनी बशी मागं ओढली आणि घडी घातलेलं कापड उलगडून पुन्हा घडी घालायला लागले.

नवाब काय समजला हे कारभारींच्या जरा उशिरानं ध्यानात आलं. निघाले इंग्रजाशी भांडायला आणि दुखावलं भलत्यालाच. सगळं समजावून सांगावं तर भाषण पाऊण तासाचं, आणि चहा निवत चाललेला.

त्यांनी बशी उचलली आणि असा भुरका मारला की समोरच्या दुकानात ऐकू गेला.

"भाऊ, शपथ," विश्वजीत कुजबुजला. "मोबाईल चालू हाये. तिकीट जाईल."

"जाऊ दे. नवाब, माझं भांडन इंग्रजासंगं हाये, तुझ्यासंगं नाय. शपथ घेताना तुझी बशी ध्यानातच आली नाय, चुकलं माझं." मग विश्वजीतकडं वळून म्हणाले, "आन् बशीतून भुरके मारनारा इंग्रज पाह्यला का तू कधी?"

नवाबभाई घड्याच घालत राहिले. मग वर न बघता त्यांनी आपल्या कपातला चहाही बशीत ओतला.