साईनाथचा वाटा

पारध कायद्याने बंद पडली, असं आमच्या गावात कुणीही सांगेल. सरकारवर ढकललं की आपण मोकळे. पण कायदा बहात्तर सालचा. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा तो चांगला जुना झाला होता, तरी होळीनंतरच्या रविवारी घरटी एक गडी काठी घेऊन टेकडी चढत होता. सरपंच आदल्या दिवशी कुणाला तरी फोन करायचे आणि फॉरेस्टच्या जीपला त्या रविवारी नेमकं दुसरीकडे काम निघायचं. सशाला कायदा माहीत नव्हता, आणि ज्यांना माहीत होता त्यांच्याकडे संध्याकाळी मटण पोचत होतं.

खरी बंद पडली ती जमिनी विकल्यावर. हिंजवडी फुगली तशी आमच्याकडची रानंही गेली. पैसा आला, गाड्या आल्या, मग पोटं आली. टेकडी तेवढीच राहिली, पण अर्ध्यावर माणसं कमरेवर हात ठेवून उभी राहायला लागली. जे अंगाने बारीक राहिले त्यांना रविवारच्या शिफ्ट. शेवटी शेवटी पाच-सहा जण जायचे, त्यातला एक पोरगा मेलेल्या सशाबरोबर रील काढून बसला, लोकेशनसकट. केस झाली. त्यानंतर सगळे सुटल्यासारखे म्हणाले, कायद्याने बंद पडली.

आमच्या घराला पारधीत दोन मान होते. एक वाघरीचा. वाघर म्हणजे सशासाठी लावतात ते लांब जाळं; ते आमच्या माळ्यावर असायचं आणि आमच्याच घरचा माणूस ते पहिल्यांदा ताणायचा. दुसरा मान वाटे पुकारायचा. पळसाच्या पानांवर मटणाचे सारखे वाटे मांडायचे. पुकारणारा पाठ करून बसायचा, म्हणजे त्याला कुठला वाटा मोठा, कुठला हाडांचा, काही दिसू नये. मांडणारा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचा, "ह्यो कुणाचा?" आणि पुकारणारा पाठमोराच एक नाव घ्यायचा. जे नाव येईल त्याचं ते. भांडण नाही. माझे सासरे, सोनबा, आम्ही आबा म्हणतो, हे काम उभ्या जन्मात करत आले.

पारधीला जाणारा माणूस वारला, तर त्या वर्षी त्याचाही वाटा निघायचा. सगळ्यात शेवटी. घरच्याने तो उचलून आणायचा, शिजवायचा, घरादाराने खायचा. पुढच्या वर्षीपासून नाव घ्यायचं नाही. सासूबाई सांगायच्या, तोवर माणूस गेलेला नसतो गं, नुसता मेलेला असतो. वाटा घरात आला की बाई रडते, आणि मग जेवते.

आमच्या तेजसचे बाबा, म्हणजे माझे मालक, गणपती उठले त्या आठवड्यात गेले. कंपनीची माणसं ने-आण करायची बस होती त्यांची. रोजच्यासारखं ट्रॅफिक लागलं, त्यांनी गाडी बंद केली, स्टिअरिंगवर हात ठेवला. ट्रॅफिक हललं तरी गाडी हलेना, तेव्हा मागच्यांनी हॉर्न वाजवले. बसमधली मुलं कानात गाणी घालून बसलेली. त्यांनाही मागच्या हॉर्नमुळेच कळलं. ट्रॅफिक पुन्हा थांबलं होतं, म्हणून अॅम्ब्युलन्सही उशिरा आली.

मी रडले नाही. हे तक्रार म्हणून सांगत नाही. दिवस झाले, कार्य झालं, बस विकली. मी स्वयंपाक करत होते, कपडे वाळत घालत होते, आल्यागेल्याला चहा देत होते. कुणी म्हणालं, "मैना, धीराची आहेस," तर कुणी म्हणालं असेल की दगड आहे. दोघांनाही साखर किती ते विचारलं. आबा तर बोलायचेच बंद झाले. जेवायला हाक मारली की येत, ताट संपवत, पुन्हा ओट्यावर. आम्ही दोघं एका घरात असे होतो, जसे दवाखान्याबाहेरच्या बाकावर दोन अनोळखी पेशंट.

फाल्गुनात दत्तप्रसाद आला. भावकीतलाच. गाव महापालिकेत गेल्यापासून तो 'भावी नगरसेवक' आहे. निवडणूक लागणार लागणार म्हणून वर्षं गेली आणि हा भावीच राहिला. प्रभागात आता अर्धं गाव आणि अर्ध्या सोसायट्या. म्हणून त्याचे दोन फ्लेक्स. गावाच्या कमानीवर 'परंपरा जपा', सोसायट्यांच्या चौकात 'टेकडी जपा'. फोटो तोच, हात जोडलेला. जपा हा शब्दही एकदाच डिझाइन करून घेतला असावा.

"वहिनी, यंदा पारध पुन्हा चालू करतोय," तो म्हणाला. "आपली ओळख आहे ती."

"आणि ससा?"

"ससा दुकानातला. पांढरा. वकिलाला विचारलंय मी. पाळीव ससा कायद्यात येतच नाही. हौशीनं पाळा, नाहीतर खा."

ओट्यावरून आबांचा आवाज आला. किती महिन्यांनी आला म्हणून मी आधी इकडेतिकडे बघितलं.

"दुकानातला ससा पळंल व्हय रं?"

"ढोल लावलेत की आबा. बाप पळेल त्याचा."

आबा ओट्यावरून उतरून दारात आले. मग म्हणाले, "साईनाथचा वाटा निघंल का?"

"निघेल म्हणजे? त्याच्यासाठीच तर! वाटे तुम्हीच पुकारायचे. माईकवर."

त्या दुपारी आबांनी मला माळ्यावरून वाघर काढायला लावली. उंदरांनी खिडक्या पाडलेल्या. ते नायलॉनच्या दोऱ्याने गाठी मारत बसले, गाठ जिथल्या तिथे पडत होती. मध्येच म्हणाले, "त्याचं एवढं उरकलं म्हंजी झालं." मलाही तसंच वाटत होतं. वाटत होतं म्हणणं जास्त होईल. पण सासूबाईंचं बोलणं डोक्यात होतं: रडते, मग जेवते. मी दोन्हीला तयार होते. मसालाही वाटून ठेवला.

तेजसला फोन केला. तो खराडीला असतो, पुण्याच्या त्या टोकाला, मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन.

"संडेला ना? येतो. माझं एक डिप्लॉयमेंट आहे, पण येतो. मला करायचं काय असतं?"

"आबा नाव घेतील. तू वाकून वाटा उचलायचा."

"एवढंच?"

"एवढंच."

"मम्मी, तू ओके आहेस ना?"

"मसाला वाटलाय," मी म्हटलं.

रविवारी टेकडीवर माणसं खूप होती. एवढी माणसं खऱ्या पारधीला मी कधी ऐकलीही नव्हती. बायका, पोरं, फेटे, ढोल-ताशाचं पथक, वर ड्रोन. काठ्या कुणाकडेच नव्हत्या, मोबाइल सगळ्यांकडे. आमच्या वेळी बायका खाली पायथ्याला थांबायच्या. आता अडवायला कुणी उरलं नव्हतं, कारण अडवणाऱ्यांना दम लागला होता. फॉरेस्टच्या तारेच्या कुंपणाला जॉगिंगवाल्यांनी पाडलेलं एक भगदाड आहे, त्यातून आम्ही सगळे परंपरेने आत गेलो.

म्हसोबासमोर वाघर ताणली. पोपट, तेजसच्या बाबांचा मित्र, पिंजरा घेऊन आला. आत कापसाच्या बोळ्यासारखा ससा. त्याच वेळी सोसायटीतल्या भाग्यश्री मॅडम पोचल्या, वनरक्षकाला बरोबर घेऊन. त्या रोज पहाटे या टेकडीवर झाडांना पाणी घालतात, आणि दत्तप्रसादच्या 'टेकडी जपा'च्या सभेत पहिल्या रांगेत होत्या.

"दत्तप्रसादजी, आपण तर म्हणाला होतात जैवविविधता!"

"मॅडम, ही पण विविधताच आहे की."

"अहो, शिकार आहे ही!"

"पाळीव ससा आहे. विचारा साहेबांना."

वनरक्षकाने वाकून पिंजऱ्यात बघितलं. दमलेला, उन्हाने काळवंडलेला माणूस; रविवारची सुट्टी गेल्याचं तोंडावर दिसत होतं. "पाळीवच आहे," तो म्हणाला. "ह्याच्यावर मला काही करता येत नाही, मॅडम."

दत्तप्रसादने ड्रोनवाल्याला खूण केली, ढोल सुरू झाले, पोपटने पिंजरा उघडला. ससा बाहेर आला. दोन उड्या मारल्या आणि बसला. ढोल वाढले. ससा बसूनच. त्याने गवत हुंगलं, पंजाने तोंड पुसलं. पोरं ओरडली, कुणी शिट्ट्या मारल्या. कुणी म्हणालं, "आमच्या साहेबांसारखाच हाय, उठतच न्हाई." हसू पसरलं. पिंजऱ्यात जन्मलेला तो, पळायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. एवढ्या आवाजात तो इतका शांत कसा, असं शेजारची बाई म्हणाली. मला त्यात नवल वाटलं नाही.

"अहो, थांबा!" वनरक्षक एकदम पुढे आला. "हे सोडता येणार नाही. बाहेरचा प्राणी वनात सोडायला मनाई आहे. हा इथे राहिला तर गुन्हा."

"मग काय करायचं?" दत्तप्रसाद.

"पकडा."

"म्हणजे पारध करा म्हणता?"

"पकडा म्हणतो. कसं ते तुमचं तुम्ही बघा. मारायचा नाही, सोडायचा नाही."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. घरटी एक पारध्याचं गाव आमचं, पण सशाला हात घालायला कुणी पुढे होईना. एकाने फेटा सावरला, एकाला फोन आला. शेवटी भाग्यश्री मॅडम गेल्या, त्याला अलगद उचललं, ओढणीत गुंडाळलं. "घाबरलाय हो," त्या म्हणाल्या, आणि निघाल्या. वनरक्षक त्यांच्या मागोमाग. पारध झाली.

दत्तप्रसाद डगमगला नाही. मटणाची सोय त्याने आधीच केली होती. दुकानातून बोकडाचं आणलेलं. कागदी प्लेटांत वाटे मांडले, कारण पळसाची पानं आणायचं कुणाला सुचलं नव्हतं. आबांना खुर्ची दिली, तर त्यांनी ती सरकवली आणि खाली बसले, पाठ करून. कुणीतरी समोर माईक धरला. पोपट वाट्यांपाशी उकिडवा बसला.

"ह्यो कुणाचा?"

आबांनी नाव घेतलं. आवाज माईकमधून टेकडीभर गेला. ज्याचं नाव त्याने प्लेट उचलली, फोटो काढला.

"ह्यो कुणाचा?"

आणखी एक नाव. मग आणखी. आबा थांबत नव्हते, चुकत नव्हते, जी घरं आता गावात राहतही नाहीत त्यांचीही नावं क्रमाने येत होती. मी डबा घेऊन तेजसच्या मागे उभी होते. तेजस घाईत आला होता, पाठीवर लॅपटॉपची बॅग तशीच. एकच प्लेट उरली. दत्तप्रसादने माईक ओढून घेतला, "आपल्या सर्वांचे लाडके, दिवंगत साईनाथ यांचा मानाचा वाटा," असं म्हटलं आणि माईक पुन्हा आबांपुढे धरला. सगळे मोबाइल आमच्याकडे वळले. तेजस पुढे झाला, वाकला, हात प्लेटखाली घातले.

"ह्यो कुणाचा?" पोपटचा आवाज बसला होता.

आबांनी म्हसोबाकडे मान वळवली.

"आबा," पोपट म्हणाला, "ह्यो कुणाचा?"

तेजस वाकलेलाच. त्याची बॅग घसरून डोक्याकडे आली. त्याने हळूच विचारलं, "मम्मी, घेऊ का?" मी डोळ्यांनी थांब म्हटलं.

"साईनाथचा, आबा!" दत्तप्रसाद कानाशी वाकला. "लाइव्ह चाललंय."

"न्हाई त्याचा," आबा म्हणाले. तेही माईकमधून गेलं.

मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा. माईक मी हाताने बाजूला केला. "आबा, घेऊन टाकू. बोकडाचा तर बोकडाचा. मटण ते मटण."

"ही पारध हाय व्हय, मैना?"

"नाही. पण आता खरी कधी होणार?"

"न्हाई व्हायची."

"पुढच्या वर्षी?"

"कवाच न्हाई. कायदा हाय, आन् माणसं बी न्हाईत."

"मग त्यांचा वाटा कधी निघायचा?"

आबा म्हसोबाकडे बघत होते. शेंदूर ताजा होता, दत्तप्रसादच्या खर्चाने लावलेला.

"न्हाईच निघायचा," ते म्हणाले. "मग ऱ्हाऊ दे त्याला."

मला वाटलं होतं आज उरकेल. घरी मसाला वाटून तयार होता. मी म्हटलं, "राहू दे म्हणजे किती दिवस?" पण ते उठायला लागले होते आणि त्यांना हात द्यावा लागला.

ढोल पुन्हा सुरू झाले. प्लेट पोपटने उचलून तिथेच देवापुढे ठेवली. दोन बायका येऊन म्हणाल्या, वाईट झालं वहिनी, मानाचा वाटा होता. मी हो म्हटलं. तेजस बॅग सारखी करत जवळ आला.

"मम्मी, म्हणजे आता बाबांचं काय झालं?"

"राहू दे म्हणतात."

"म्हणजे पेंडिंग?"

"हो. पेंडिंग."

"कायमचं?"

"तसंच दिसतंय."

त्याने मान हलवली. डोळे पुसले, बाहीने, चौथीत पुसायचा तसे. "चालेल मला," म्हणाला, आणि खाली बाइक काढायला गेला.

आबांच्या चपला सापडेनात. देवासमोर काढलेल्या, गर्दीत कुणाच्या तरी पायात गेल्या. मी कुंपणापर्यंत शोधून आले. ते अनवाणी निघाले होते, तर मी माझ्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी बघितलं, पाय घातले. टाचा मागे राहिल्या. आम्ही उतरायला लागलो. खडी तापली होती. मी दोन पावलं टाकली आणि थांबले, कारण पाय भाजला होता. मग पुन्हा टाकली आणि पुन्हा भाजला.