हिरव्या कापडावरचा लाल थेंब

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी मला नक्की पाहिलं आहे, फक्त ओळखलं नाही. मी एक जुनं पूलचं टेबल आहे. त्यांना ऐंशीच्या दशकातला एखादा मारधाडीचा हिंदी सिनेमा आठवायला सांगा. खलनायकाचा अड्डा, छतावरून खाली सोडलेला एकच दिवा, सिगारेटचा धूर, आणि दिव्याखाली हिरवं कापड. ते मी.

पण माझा जन्म अड्ड्यावरचा नाही. सागवानी चौकट, तिच्यावर दगडाच्या तीन पाट्या, इतक्या सपाट की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकू नये. वर लोकरीचं कापड, काठाला रबर आणि सहा खिसे, असा घडून मी बंदराजवळच्या खलाशांच्या एका क्लबात आलो. तिथे दुपारभर खेळ चाले, आणि खेळताना फारसं कुणी बोलत नसे. माझ्यावर पंधरा रंगीत चेंडू आणि एक पांढरा मांडत. काठीने फक्त पांढऱ्याला मारायचं, पांढऱ्याने बाकीच्यांना. आठ नंबरचा काळा सगळ्यांत शेवटी खिशात घालायचा. मात्र काळ्यामागोमाग पांढराही खिशात पडला, तर डाव हरलात. कॅरममध्ये स्ट्रायकर गेला की दंड बसतो ना, त्याचाच हा थोरला भाऊ.

त्या क्लबात गुणाजी मार्कर होता. मार्कर म्हणजे टेबलाजवळ उभा राहून गुण मोजणारा आणि चूक झाली की जाहीर करणारा माणूस. गुणाजी मूळचा मालवणकडचा, अंगाने किरकोळ, पितळी बटणांच्या, ड्रिलच्या जाड पांढऱ्या कापडाच्या सदऱ्यात ताठ उभा राहायचा. रोज सकाळी तो माझ्या कापडावरून एकाच दिशेने ब्रश फिरवी, मग कोमट इस्त्री. लोकरीला लव असते. ती उलटसुलट झाली तर चेंडू वाट सोडतो. इस्त्री करता करता तो माझ्याशी बोलत असे. एकदा एका बोटीच्या कप्तानाची बाही चेंडूला जेमतेम लागली. कुणालाच दिसलं नाही. गुणाजी म्हणाला, "फाउल." कप्तानाने त्याच्याकडे रोखून पाहिलं, मग काठी खाली ठेवली आणि मान लववली. ती हकिगत गुणाजी मला वर्षातून दोनदा तरी सांगे, जणू मी तिथे नव्हतोच.

पुढे क्लब बंद पडला. गोरेगावच्या मार्तंडशेठनी मला विकत घेतलं. सिनेमाच्या सेटवर लागणाऱ्या वस्तूंना तिथे प्रॉपर्टी म्हणतात. शेठ असली प्रॉपर्टी स्टुडिओंना भाड्याने देत. त्यांच्या शेडमध्ये सिंहासनं होती, तोफा होत्या, विमानाचं अर्धं शेपूट होतं. माझी पातळी सांभाळायला त्यांनी गुणाजीलाही ठेवून घेतलं.

आणि आम्ही दोघं सिनेमात गेलो.

काय सांगू मित्रांनो! सात वर्षांत माझ्यावर एकही डाव पुरा झाला नाही. खलनायक चेंडू हाताने ढकलायचे. काठी खेळायला कमी आणि नायकाच्या पाठीवर मोडायला जास्त लागायची. माझ्यावर ब्रीफकेस उघडल्या गेल्या, नकाशे पसरले गेले, एकदा तर एक पांढरी मांजर बसवली. पडद्यावर जो माझ्याजवळ उभा राही तो चोर, नाहीतर चोराचा चमचा. एखादा शांत, सभ्य माणूस माझ्यापाशी येऊन नेम धरतो आहे, असं मी एकाही सिनेमात पाहिलं नाही. गुणाजी ब्रश फिरवताना म्हणायचा, "आपल्याक बदनाम केल्यानी रे."

ही बदनामी एक दिवस त्याच्या घरापर्यंत पोचली.

गुणाजीची मुलगी नंदा अंधेरीला औषधांच्या कंपनीत गोळ्यांची तपासणी करायची. तिच्याबरोबर बी.एस्सी. झालेला चंद्रप्रकाश ट्रॉम्बेला नोकरीला लागला होता. दोघांनी लग्न करायचं ठरवलं आणि नंदाचा मामा लवू बोलणी करायला मुलुंडला गेला. चंद्रप्रकाशचे वडील सीतारामभाऊ म्हणजे शाळेतले निवृत्त हेडक्लार्क, शिस्तीचे. त्यांनी विचारलं, मुलीचे वडील काय करतात? लवूमामा अभिमानाने म्हणाला, "मार्कर!"

आतून चंद्रप्रकाशच्या आजीचा, वनमालाबाईंचा आवाज आला, "काय करतो म्हणे? मारतो?"

"मारत नाय ओ, मार्कर. पूलच्या टेबलाशी उभो ऱ्हवता."

झालं. पूलच्या टेबलाशी कोण उभं असतं ते आजींना ठाऊक होतं. त्यांनी सिनेमे काही थोडेथोडके पाहिले नव्हते. "म्हणजे गळ्यात रुमाल बांधून चाकू परजणारा! नको रे बाबा, सीताराम. मारकऱ्याची पोर घरात नको." मुलुंडहून निरोप आला की सध्या थांबू या. चंद्रप्रकाशने नंदाला सांगितलं, "मी थांबेन गं. पण आजीचं मन मोडून नाही यायचा."

हे सगळं गुणाजीने मला सांगितलं, तेव्हा इस्त्री एकाच जागी इतका वेळ थांबली की लोकरीचा वास सुटला. तशी चूक त्याच्या हातून कधी झाली नव्हती.

त्याच आठवड्यात मोठ्या सेटवर काम होतं. खलनायक होते श्यामकांत. पडद्यावर बघाल तर दरदरून घाम फुटेल. प्रत्यक्षात घरून थर्मासमध्ये लिंबाचं सरबत आणणारा मवाळ माणूस. प्रसंग असा होता : श्यामकांतनी काळा चेंडू खिशात घालायचा, काठी खांद्यावर टाकायची आणि म्हणायचं, "इस टेबल पर मैं आज तक नहीं हारा!" काळा चेंडू खिशाच्या अगदी तोंडाशी ठेवला होता. चूक व्हायला जागाच नव्हती.

पण श्यामकांतनी पांढऱ्याला पोटात मारायच्या ऐवजी डोक्यावर मारलं. पोटात मारलेला चेंडू धडकेनंतर थांबतो किंवा मागे येतो. डोक्यावर मारलेला मात्र पुढेच लोळत राहतो. काळा पडला, आणि त्याच्यामागोमाग, सावकाश, पांढराही पडला.

"इस टेबल पर मैं आज तक नहीं हारा!" श्यामकांत गरजले.

"फाउल!" कॅमेऱ्यामागून खणखणीत आवाज आला.

श्यामकांतनी दचकून त्या दिशेला पाहिलं. गुणाजीने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला होता. इतक्या वर्षांची जीभ. ती त्याला विचारून थोडीच हलली?

"कट! कोण ओरडला रे? कोण आहे तो?" डायरेक्टर खुर्चीतून उठले. "मार्तंडशेठ, हा तुमचा माणूस? बाहेर काढा त्याला! आत्ताच्या आत्ता!"

"सायेब, पांढरो पण गेलो. खेळात हेका हरलो म्हणतत," गुणाजी कसंबसं बोलला.

"अरे यार, पब्लिकला काय कळतंय?"

"पब्लिकाक नाय कळणा. माका कळता मां."

शेठनी कपाळाला हात लावला. पण श्यामकांत माझ्या कडेला टेकून हसायला लागले. "म्हणजे मी हरलो? आणि छाती काढून बोलतोय नाही हारा? साहेब, हे तर झकास आहे. खलनायकाला त्याच्याच अड्ड्यात कुणीतरी तोंडावर सांगतो, तू हरलास. आणि माझं तोंड कसं झालं असेल बघा ना!"

त्या काळी आवाज मागाहून भरत, त्यामुळे ओरडण्याने फिल्म बिघडली नव्हती. आणि तो दचकलेला चेहरा, तसा चेहरा अभिनयाने येत नाही. पाच मिनिटं येरझाऱ्या घालून डायरेक्टर म्हणाले, "ठीक आहे. ठेवू या. हा माणूस फ्रेममध्ये येईल, फाउल म्हणेल, आणि श्यामकांतजी त्याला गोळी घालतील. कपडेवाला! याला काळं जाकीट, गळ्याला लाल रुमाल."

लाल रुमाल! गुणाजीचा चेहरा उतरला. मुलुंडच्या आजी तो रुमाल पडद्यावर बघणार, मग नंदाचं काही खरं नव्हतं. नाही म्हणावं, तर शेठच्या शेडमधलं काम जाणार. त्याने माझ्या काठावर हात ठेवला.

"नाय," तो म्हणाला. "मार्कर पांढऱ्या कपड्यात आसता. जाकीट घालूक सांगशात तर मी चललंय."

"वाट लागली!" शेठ पुटपुटले.

श्यामकांतनी थर्मासचं झाकण सावकाश लावलं. "साहेब, काळ्या जाकिटावर रक्त दिसणार कसं? पांढऱ्यावर बघा, काय उठून दिसेल!"

डायरेक्टरनी चुटकी वाजवली. "पांढरा!"

गुणाजीने ट्रंकेतला क्लबचा सदरा आणला, पितळी बटणं चिंचेने घासून. तो माझ्या डाव्या अंगाला उभा राहिला, जिथे तो नेहमी उभा राहायचा. "फाउल," तो म्हणाला, अगदी कप्तानाला म्हणाला होता तसा, आवाज न चढवता. पिस्तूल कडाडलं. छातीवर दडवलेली लाल रंगाची पुडी फुटली आणि गुणाजी माझ्यावर कोसळला.

इतक्या वर्षांत त्याने मला हजारदा हात लावला होता, पण गाल पहिल्यांदाच टेकला. आणि मित्रांनो, मरता मरता त्याने काय केलं असेल? ओंजळ छातीखाली धरली, रंग कापडावर सांडू नये म्हणून! डायरेक्टर ओरडले, "वा! काय कळवळून मेलाय!" एक थेंब मात्र त्याच्या बोटांमधून निसटला आणि मधल्या खिशाजवळ पडला.

सिनेमा आठ महिन्यांनी लागला. चंद्रप्रकाशने मुलुंडच्या थिएटरची तिकिटं काढली आणि दोन्ही घरची माणसं एका रांगेत बसवली. पुढचं मी पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी गुणाजीने इस्त्री करता करता सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

अड्डा दिसला तशी आजींनी नाक मुरडलं. मग पांढरा सदरा दिसला.

"हाच का रे नंदाचा बाप?"

"हो आजी. बघ ना."

"फाउल म्हणजे काय?"

"तू खोटं खेळलास, असं तोंडावर सांगणं."

तेवढ्यात गोळी सुटली. गुणाजीची बायको रुक्मिणी जीव तोडून रडायला लागली. शेजारी बसलेला गुणाजी तिचा हात हलवत होता, "रडतस कित्याक गो? मी हय बसलंय मां!"

"गप बसा ओ! मारल्यान मेल्यान त्येका!" रुक्मिणी त्यालाच ओरडली. मागच्या रांगा हसल्या, पण आजी हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, आणि सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अरे सीताराम, मारणारा कुठे आहे हा? हा तर खरं बोलून मार खाणारा माणूस! माझ्या कानांचा घोटाळा, आणि पोरं उगाच ताटकळली."

मध्यंतरात सीतारामभाऊंनी गुणाजीपुढे वडे आणून ठेवले आणि विचारलं, साखरपुड्याला कुठला रविवार बरा?

दिवस गेले. अड्ड्यांची फॅशन बदलली. मला मागणी राहिली नाही, आणि शेठनी मला बोरिवलीच्या एका क्रीडा मंडळाला देऊन टाकलं. गुणाजी म्हातारा झाला तरी महिन्यातून एकदा बसने येऊन ब्रश फिरवून जायचा. शेवटी आला तेव्हा नंदा बरोबर होती. त्याने मधल्या खिशाजवळ बोट टेकवलं आणि म्हणाला, "एक थेंब चुकलो." नंदाने त्याच्या हातातून ब्रश घेतला आणि एकाच दिशेने फिरवला.

आता माझ्यावर दप्तरं असतात, ओले पेले असतात. एका पाटीखाली पाचर सैल झाली आहे, चेंडू डावीकडे ओढतो. तो डाग चहाचा आहे असं सगळे समजतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, जमलं तर पेला दुसरीकडे ठेवा. लवेच्या दिशेने ब्रश फिरवा, उलट नको. आणि कधी खेळताना तुमची बाही चेंडूला लागली, किंवा काळ्यामागून पांढरा हळूच खिशात गेला, आणि कुणाचंच लक्ष नसलं, तर गप्प राहू नका. तो शब्द तुम्हीच म्हणा. फार मोठ्याने नको. माझ्या डाव्या अंगाला उभा राहून तो म्हणायचा, तेवढ्याच आवाजात.