देवकाबाईचा ओटा आणि मी

मी हातपंप बोलतोय. हिंगणघाटच्या वाटेवर एक छोटं शहर आहे. त्याच्या टोकाला, चढावरच्या गल्लीत मी उभा आहे. स्वभावाने मी पक्का संशयी. माणसांच्या तोंडासमोर इतकी वर्षं उभं राहिल्यावर दुसरं काय होणार?

सवय जन्मापासूनचीच. बोअरची गाडी आली, जमीन हादरली, खोलवर पाणी लागलं. नारळ फोडायला पुढारी आले. माझा दांडा धरून त्यांनी फोटो काढून घेतला, पाणी मात्र स्वतःच्या बाटलीतलं प्यायले. तेव्हापासून कुणी गोड हसत जवळ आलं की मी आधी त्याचे हात बघतो.

माझ्या पाण्याचा पहिला गुंड, म्हणजे आमच्याकडची पितळी घागर, भरला देवकाबाईने. तिचं घर अगदी माझ्यासमोर. दाराशी ओटा होता, तिने आणि तिच्या नवऱ्याने मिळून बांधलेला. नवरा गेला, गुडघे गेले, ओटा राहिला. संध्याकाळी ती पाय सोडून तिथे बसायची, डाळ निवडायची आणि माझं पाणी सांडणाऱ्याला फैलावर घ्यायची.

खरं सांगायचं तर गल्लीतला प्रत्येक ओटा रस्त्यात सरकलेला होता. कुणाचा हातभर, तर किराणा दुकानवाल्या रूपरावांचा चांगला ऐसपैस. कुणी कुणाच्या ओट्याबद्दल बोलत नसे, म्हणजे आपल्याबद्दलही कुणी बोलणार नाही.

पुढे नळ आले. मला वाटलं, आता आपल्याला कोण विचारतो? पण चढावर नळाची धार करंगळीएवढी, आणि उन्हाळ्यात तीही रुसायची. मग सगळे गुपचूप माझ्याकडे परतले.

गेल्या वर्षी शहराचा नवा आराखडा निघाला. पक्का रस्ता, बंद नाली, नवे दिवे. नालीची रेघ नेमकी माझ्यावरून गेली होती. इंजिनिअर रुचिका गल्लीत आली आणि सगळ्यांना म्हणाली, "पंप वाचवायचा असेल तर हरकत नोंदवा. तुम्ही मागितलं तर नाली वळवता येईल. मुदत संपली की माझ्या हातात काही नाही."

इतकं सरळ कुणी बोलतं का? मला शंका आली. गल्लीला तर माझ्याहून जास्त.

तिची पाठ वळताच रूपराव म्हणाले, "साहेबीण सोताच हरकत मांगून राह्यली. काऊन? सही केली का टेप घेऊन दारात येईन, ओटा मोजन."

सगळ्यांनी आपापल्या ओट्याकडे बघितलं. "तू कर न पहिले," असं प्रत्येकाने दुसऱ्याला सांगितलं. रूपराव पाण्याचे कॅन विकतात, त्यांना पंप नकोच असेल, अशीही कुजबुज झाली. सही कुणी केली नाही.

शेवटच्या दिवशी रुचिका पुन्हा आली. देवकाबाई ओट्यावरच होती. तिने विचारलं, "पोरी, नाली वळवली तं जाईन कोठून?"

रुचिकाने मान खाली घातली. "आजी, तुमच्या ओट्यावरून."

आतून देवकाबाईचा मुलगा धीरज बाहेर आला. "माय, तू गप राह्य. पाणी साऱ्याइले पायजे, मंग ओटा आपलाच काऊन?"

देवकाबाईने गुडघे चोळत माझ्याकडे बघितलं. "उन्हाळ्यात लोकायनं प्याव काय, धीरज?" एवढंच म्हणाली आणि सही केली.

एका सकाळीतच ओटा तुटला. नाली वळली, मी वाचलो. मला फार वाईट वाटलं. पण गल्लीला वाईट वाटायला सवड कुठे होती?

"बुढीले काय भेटलं असन?"

"घरकुल पास झालं असन. फुकट कोन तोडू देते आपला ओटा?"

हे सगळं माझ्या दांड्याला हात घालून, माझं पाणी भरता भरता चालतं. रूपरावही कॅन घेऊन येतात आणि हुंकार भरतात.

मीही कमी नाही. तिच्या दारावर मी पाळतच ठेवली. कुणी साहेब आला नाही, कुठलं घरकुल आलं नाही. दार आता नालीच्या वर उंच टांगल्यासारखं झालंय. खाली दोन दगड रचलेत, त्यांवरून ती बसत, घसरत उतरते. संध्याकाळी चौकट धरून उभी राहते आणि गुडघे दुखले की आत जाते.

तर गल्लीतल्या माणसांनो, पुढाऱ्यांवर, आराखड्यावर, माझ्यावरसुद्धा खुशाल संशय घ्या. मीही घेतच असतो. फक्त तिचा गुंड आधी भरू द्या. तिला आता रांगेत उभं राहवत नाही, आणि बसायला जागा उरलेली नाही.