उघाडीतले दोन खिळे

मी उघाडी बोलतेय. नावाला हसू नका. गेली दोन वर्षं मी बंदच होते. खाडीचं पाणी ज्या चरातून आत येतं, त्याच्या तोंडाशी लाकडी झडप असते ना, ती मी. सध्या मालूच्या चुलीपाशी पडलेय. माझ्या तीन फळ्यांपैकी दोन जळून गेल्या. तिसरी बोलतेय, तोवर ऐकून घ्या.

माझं लाकूड रानशेतच्या डोंगरातल्या ऐनाचं. पांड्या सुताराने मला लाकडी खुंट्या ठोकून जोडलं. "खाऱ्या पाण्यात लोखंड टिकत नाय," म्हणायचा. माझ्या अंगात एकही खिळा नव्हता, हे लक्षात ठेवा.

सरावलीच्या बाजूला खाडीकाठी गोदूबाईचं भातशेत, आणि शेत नि खाडीच्या मध्ये, बांधाच्या आत, तिवरांची म्हणजे खारफुटीची दाट पट्टी; तिला पाणी मिळायचं ते फक्त माझ्या वाटेने. तिथे रीत ठरलेली होती. मला पाडायचं गोदूबाईने, उचलायचं मालूने. उधाण आलं की गोदूबाई मला खाली सोडायची, म्हणजे खारं पाणी भातात शिरायचं नाही. चार दिवसांनी मालू येऊन दोन्ही हातांनी मला वर ओढायची, म्हणजे तिवरांना पाणी मिळायचं. त्या तिवरांच्या मुळांतले खेकडे आणि निवट्या ही चिखलातली मासळी डहाणूच्या बाजारात विकून मालूने घर चालवलं. दोघींचं गूळपीठ होतं असं नाही. एक दिवस उशीर झाला की गोदूबाई शिव्या द्यायची आणि मालू त्या व्याजासकट परत करायची. पण एकमेकींची पाळी कुणी कधी मोडली नाही.

गोदूबाई गेली आणि जमीन तिच्या मुलाकडे, प्रितेशकडे आली. वाढवणच्या बंदराची बोलणी सुरू झाल्यापासून इकडे जो तो प्लॉट पाडतोय. प्रितेशला तिवरांच्या पट्टीवरही प्लॉट हवे होते. तिवर तोडलं तर गुन्हा, हे त्याला ठाऊक होतं. पण वाळलेल्या झाडाला कोण विचारतो, हेही त्याला ठाऊक होतं.

एका उधाणाला त्याने मला खाली सोडलं आणि चिखलात हात घालून माझ्या खालच्या फळीतून चौकटीत दोन जाड खिळे ठोकले. चार दिवसांनी मालू आली. ओढ ओढ ओढलं. मी हलले नाही.

"काय रे प्रितेश, उघाडी उचलंना!"

"लाकूड फुगलंय, मावशी. टेन्शन नको घेऊ, नवीन बसवतो."

लाकूड फुगतं, हे मालूला माहीत होतं. म्हणून तिने विश्वास ठेवला, आणि नवी उघाडी 'पुढच्या महिन्यात' येत राहिली.

तिवरांना मरायला दोन उन्हाळे लागले. भरतीचं पाणी माझ्या छातीवर थापा मारून परत जायचं. मागे पानं गळत होती, खेकडे बिळातच वाळत होते. मी खोटं बोलणार नाही. ते पाणी मीच अडवलं. अडवणं हे माझं काम आणि मी ते चोख केलं. मोजणीवाले आले तेव्हा त्यांनी कागदावर लिहिलं, 'जिवंत झाडे : निरंक'. प्रितेशने त्यांना शहाळी पाजली.

यंदा मात्र नियमात दुरुस्ती झाली. पाणी अडवून मारलेलं तिवरही तिवरच धरायचं, जमीन तशीच राखायची, पाणी पुन्हा सोडायचं. तिवरांना पुन्हा पाणी मिळावं म्हणून मालूने अर्ज केला. वनखात्याचा साहेब भला होता. "मावशी, झाडं मेली हे दिसतंय. मुद्दाम मारली, हे दाखवावं लागेल. सोमवारी पाहणीला येतो," म्हणाला.

पाहणीचं कानावर येताच त्याच दुपारी प्रितेशने मला पहारीने उचकटलं. खिळे उपटायला गेला, निघेनात. मग त्याला मालूची चूल आठवली.

"मावशी, ती सडकी उघाडी काढली एकदाची. नवी लोखंडी बसवली, बघ कशी अलगद उचलते. ही लाकडं ने चुलीला."

"आईवर गेलास हो," मालू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मला किळस आली, पण फळीला थुंकता येत नाही.

आज रविवार. चुलीवर भात आहे. आताच मालूने मला हातात घेतलं, खिळ्यांवरून बोट फिरवलं आणि सुनेला हाक मारली.

"जयश्री, खिळे बघ कसे जाडजूड. फळी जळली की राखेतून काढून ठेव, मासळीच्या मांडवाला होतील."

मालू, लाकडी खुंट्यांच्या उघाडीत हे लोखंड कुठून आलं, एवढं एकदा विचार. उद्या साहेब हेच मागणार आहे, फळीत ठोकलेले खिळे; राखेतले सुटे नव्हेत. चौकट नवी झाली, चर धुतला गेला, आता तुझ्या हातात आहे तेवढाच पुरावा उरलाय. जन्मभर तू मला उचललंस. आज फक्त खाली ठेव.

ती वाकली. नेहमीसारखं तिने मला दोन्ही हातांनी नीट धरलं आणि चुलीत सारलं.